कुमुदताईंची रिकामी भिंत

कुमुदताई वानखडे कुणाच्याही घरी गेल्या की चहा येण्याआधी त्या घरातली एखादी वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून येत. न विचारता. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा टीव्हीखालच्या फळीवरचे प्लास्टिकचे गुलाब, संगमरवरी हत्तींची जोडी आणि माझ्या नवऱ्याला कुठल्याशा परिषदेत मिळालेली चकचकीत ट्रॉफी त्यांनी उचलली आणि सरळ नेऊन ओट्यावर ठेवली. मागे उरली माझ्या आईची पितळी समई. ती तिथे आहे हे मी साफ विसरले होते. आता मी साताऱ्याची, त्यात इस्पितळात रक्त तपासणारी डॉक्टर. माझ्या वस्तूंना परक्या बाईनं हात लावलेला मला मुळीच खपत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काढ न ते. मंग दिसते."

त्या मूळच्या अमरावतीच्या. चंदीगडात आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर शहराला लागून असलेल्या खरड गावी वरच्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेऊन राहिल्या. बाहेर अस्खलित हिंदी, दुकानात पंजाबी, आणि मराठी माणूस भेटला की थेट वऱ्हाडी, कुणी हसलं तरी. आमची ओळख गणपतीत झाली. आम्ही मराठी मंडळींनी रात्रभर जागून थर्माकोलचं मंदिर उभं केलं होतं. बाई आल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "देव कुठी हाय व याच्यात?" सगळे चिडले. मीही चिडले. पण खरं सांगायचं तर मलाही तो सापडत नव्हता.

दसरा झाला की त्यांचा फोन यायचा. "ज्योती, रविवारी रिकामी राह्य." शरदात या शहरात चित्रप्रदर्शनं लागतात. उन्हाळ्यात घराबाहेर पडवत नाही, पुढे धुकं येतं, म्हणून जे काय पाहायचं ते या दिवसांत. त्यातही त्यांना भरगच्च प्रदर्शनं नकोत. जिथे कमीत कमी असेल तिथे त्या मला न्यायच्या. एकदा एका खोलीत नुसते तीन राखाडी दगड. एकदा पांढऱ्या कॅनव्हासवर खालच्या कोपऱ्यात एक करडी पट्टी. मी वैतागले. म्हटलं, "ताई, ही पट्टी मीसुद्धा ओढली असती." त्या शांतपणे म्हणाल्या, "ओढशीन न. पण बाकीचं एवढं रिकामं ठेवून तुले झोप लागली असती काय?" नसती लागली. मी दुसऱ्याच दिवशी तिथे एक फूल काढलं असतं.

पाहायची त्यांची पद्धतही अशी की बरोबरच्या माणसानं लाजून मरावं. सरळ जमिनीवर मांडी घालायची, पर्स बाजूला ठेवायची, आणि मनातली बडबड संपेपर्यंत एकाच चित्रासमोर बसायचं. रखवालदार येऊन विचारायचा, "माताजी, तबीयत ठीक है?" फोटो काढू द्यायच्या नाहीत. "घरी जाऊन पाह्यीन म्हणतं. घरी कोणी पाह्यत नाई बापा." पहिल्या वर्षी मी घड्याळ बघत बसले. पुढे पुढे मात्र रविवारची वाट बघायला लागले, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

स्वतःचं काम त्या कुणाला दाखवत नसत. मला दाखवलं ते खरडच्या फ्लॅटमध्ये. भिंतीवर दोन लांब खिळे, त्यांच्यामध्ये भिंतीपासून चार बोटं दूर ताणलेला पांढरा सुती दोरा. बस्स, एवढंच. मी म्हटलं, "कपडे वाळत घालायला?" त्या रागावल्या नाहीत. खाली बसवलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं आणि दोऱ्याच्या खाली भिंतीवर त्याची सावली पडली. सूर्य खाली उतरत गेला तशी सावली वर चढायला लागली. इतकी हळू की चढताना दिसत नाही, चढलेली दिसते. शेवटी, ऊन पार तांबूस झाल्यावर, सावली दोऱ्यामागे गेली आणि एकच रेघ उरली. मग उजेड गेला.

पुढच्याच वर्षी त्या खिडकीसमोर टोलेजंग इमारत उभी राहिली. खरडमध्ये आता इमारतींना ऊत आला आहे. ऊन गेलं. कुमुदताई शहरभर भिंती शोधत हिंडल्या आणि सेक्टर १७ मध्ये एका कलासंस्थेचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल त्यांना सापडला. तिथे एरवी सूर्य शेजारच्या इमारतीमागे मावळतो, पण शरदात तो दक्षिणेकडे सरकतो आणि दोन इमारतींच्या फटीतून थेट समोरच्या भिंतीवर येतो. काही आठवडेच. मग धुकं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं: त्या आठवड्यांत ती एक भिंत. "लोकायनं एकदा पाह्यलं पाहिजे व. मी एकटीनंच लय पाह्यलं."

संस्थेचे सचिव भाटियाजी. गोड माणूस, गोडच इतका की चीड यावी. "हां जी, पक्का जी," म्हणाले आणि तारीख पुढे ढकलत राहिले. का? तर उद्घाटनाला कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या सचिवालयातले कुणी बडे साहेब हवेत आणि साहेबांना सवड नाही. मी म्हटलं, "भाटियाजी, सूर्य थांबणार नाही." ते हसून म्हणाले, "डॉक्टर साहब, एक हफ्ते में क्या फरक पड़ता है?" दिवाळी गेली. उजेड पातळ व्हायला लागला. अखेर साहेबांना सवड झाली.

त्या दुपारी मी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दोऱ्यावर झेंडूच्या माळा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये अशोकाची पानं. वजनानं दोरा झोळीसारखा लोंबत होता. खाली साहेबांसाठी सोफा, कुंड्या, आणि व्हिडिओसाठी दोन ढणढणते दिवे भिंतीवर रोखलेले. सकाळी सजावटवाल्याला ताईंनी आदल्या दिवशी बांधलेला दोन खिळ्यांमधला दोरा दिसला. मंगल प्रसंगी असा दोरा कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला मी काही म्हणत नाही. पण भाटिया? त्यांना मी स्वतः तीनदा समजावलं होतं!

"खाली-खाली लग रहा था जी," ते खुशीत म्हणाले, "हमने रौनक लगा दी."

मी माळेला हात घातला. कुमुदताईंनी माझं मनगट धरलं. "थांब व. पाहुणा येऊन राहिला. तमाशा नको."

मला भाटियांपेक्षा त्यांचाच राग आला. म्हटलं, "ताई, लोकांच्या घरातल्या ट्रॉफ्या उचलता, मंडपात देवाबद्दल बोलता, आणि स्वतःच्या भिंतीवरची माळ काढवत नाही?" त्या खाली बघत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरातलं काढाले हिंमत लागत नाई, ज्योती. आपल्यासाठी मागाले लागते. माह्याजवळची एकदा मागण्यात संपली." साहेब उशिरा आले, दीप लावला, "कला जीवन में रंग भरती है" म्हणाले. दिव्यांच्या झगझगाटात खिडकीतलं ऊन आलं केव्हा, गेलं केव्हा, कुणाला कळलंही नाही. मग सामोसे.

माळा निघाल्या. ताईंनी दोरा पुन्हा ताणून बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर शेजारची इमारतसुद्धा दिसत नव्हती. धुकं प्रदर्शन संपेपर्यंत हटलं नाही. त्या रोज येऊन भिंतीसमोर मांडी घालून बसत. लोक दाराशी यायचे, "कुछ लगा नहीं अभी?" विचारून परत जायचे. शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "पुढच्या सालाले पाहू." पुढच्या उन्हाळ्यात, झोपेतच, त्या गेल्या.

शरदात भाटियाजींचा फोन. संस्थेतर्फे श्रद्धांजली सभा, त्याच हॉलमध्ये. गेले. तीच भिंत, तेच दोन खिळे, आणि त्यांना लटकवलेला हा एवढा मोठा फ्लेक्स! कुमुदताईंच्या फोटोभोवती इंद्रधनुष्य, खाली 'रंगों की जादूगर'. जिनं उभ्या आयुष्यात पांढऱ्या दोऱ्याला रंग लावला नाही, ती! आणि फ्लेक्सवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झेंडूची माळ.

या वेळी माझं मनगट धरायला कुणी नव्हतं. मी खुर्चीवर चढले आणि माळ काढली. फ्लेक्स काढून गुंडाळून भाटियांच्या हातात दिला. दिवे बंद केले. "डॉक्टर साहब, ये श्रद्धांजलि है!" ते कळवळून म्हणाले. "वही दे रही हूँ," म्हटलं, आणि खुर्चीवर बसून माळेतली फुलं ओढून काढायला लागले. बोटं पिवळी झाली, पायाशी झेंडूचा ढीग पडला, आणि हातात दोरा राहिला. ओलसर, डागाळलेला, पण लांबीला पुरेसा. तो मी दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर मांडी घातली.

लोक कुजबुजले. काही उठून गेले. एक म्हाताऱ्या शीख बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग त्यांच्या मागे आणखी काही. इमारतींच्या फटीतून ऊन आलं. दोऱ्याखाली सावली पडली आणि चढायला लागली. भिंत तांबूस झाली, सावली दोऱ्याला टेकली, आणि एकच रेघ उरली.

"अंधेरा हो गया जी," भाटियाजी पुटपुटले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

मी साताऱ्याची. वऱ्हाडी मी जन्मात कधी बोलले नव्हते. पण ओरडले ते असं: "काढ न तो हात! मंग दिसते!"

भाटियाजींना मराठीचा गंध नाही. पण हात त्यांनी खाली घेतला.