जी रेघ मारेल ती खेळेल

राजूरच्या मैदानावर गवत धरत नाही. एका अंगाला कोळसा भरायची रेल्वे सायडिंग, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. तिथे तासभर खेळून लेकरू घरी गेलं की हे आपलंच आहे ना, हे आईला आधी तोंड पुसून बघावं लागतं. अशा मैदानावर नानाजी खोब्रागडे यांनी पोरींची फुटबॉलची टीम उभी केली होती. ती मोडली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणी आशेवर राहू नये.

नानाजी उमेदीत भट्टीवर होते, मग खाणीत लागले, खाणीच्या टीमकडून खेळले आणि गुडघा गेल्यावर गळ्यात शिट्टी अडकवून शिकवायला लागले. निवृत्त माणसानं पारावर बसून सरकारला अक्कल शिकवावी अशी आपल्याकडे रीत आहे. नानाजींना ती कधी जमली नाही. आधी त्यांनी पोरांना शिकवलं. पोरं मिशी फुटली तशी क्रिकेटला आणि मोबाईलला लागली. मग एक दिवस सायडिंगवर काम करणाऱ्या कपिलची पोरगी उर्वशी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबाजी, पोट्टे नाई येत, तं आमाले काहून नाई शिकवत?" नानाजींना ते पटलं. म्हणून नवयान क्रीडा मंडळाची मुलींची टीम निघाली.

मंडळाचा नियम एकच होता: जी रेघ मारेल ती खेळेल. मैदान आखायला राजूरात चुन्याचा काय तोटा? भट्टीवरचा चुरा आणायचा, आदल्या दिवशी पाणी घालून विझवायचा, गाळायचा आणि भोक पाडलेल्या डब्यातून धार सोडत चालायचं. विझवलेला चुनाही हात खातो, म्हणून आधी कोपरापर्यंत खोबरेल लावायचं. ती बाटली नानाजींच्या पिशवीत कायम असायची. पूर्वी आखायच्या वेळी सगळे पसार आणि खेळायच्या वेळी सगळे हजर, असं चालायचं, त्यावर काढलेला हा तोडगा. पण नानाजींनी तो दोन्हीकडून पाळला. रेघ न मारणारी बाहेर बसली, मग ती कितीही चांगली खेळो. आणि जिनं रेघ मारली ती चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारी असली, तरी थोडा वेळ का होईना मैदानात उतरली. मधलं वर्तुळ उर्वशीचं. खुंटीला दोरी बांधून ती अशी फिरायची की रेघेचा सांधा शोधून सापडू नये.

आणि बापांची एक अट होती. ती आधी कपिलनं घातली, मग सगळ्यांनी उचलली.

"सगळ्या जात असतीन तं आमची बी जाईन," कपिल म्हणाला होता. "एकटीदुकटीले मी नाई धाडणार, नानाजी. ज्या दिवशी टीम फुटली, त्या दिवशी तिचं खेळणं बंद."

नानाजींना अट गैर वाटली नाही. पोरी खेळतायत हेच नवल होतं. पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागून राहिला, की टीम फुटता कामा नये.

तोवर सगळं ठीक होतं. वणीला, दारव्ह्याला, कुठे ना कुठे स्पर्धा व्हायची. घाटंजीच्या देवसिंग राठोडांची पोरींची टीम आणि राजूरची टीम दरसाल भिडायच्या, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवू घालायचं असा दोघांचा करार होता. नानाजींनी देवसिंगांना एवढ्या वेळा जेवू घातलं होतं की इंदूबाई, म्हणजे नानाजींच्या घरच्या, त्यांना जावईच म्हणायच्या.

मग नागपुरात दोन लीग निघाल्या. एक वैदर्भी एलिट, दुसरी महाविदर्भ प्रीमियर. दोघींना चौदा वर्षांखालच्या पोरी पाहिजे होत्या आणि दोघींना एकमेकींचं तोंड पाहायचं नव्हतं. एकीत नाव नोंदवलेला क्लब दुसरीत खेळणार नाही, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसरीतल्या क्लबाशी साधी मैत्रीची मॅचही खेळायची नाही, असा दोघींचाही दंडक. कुणी मोठ्या माणसानं कुणा मोठ्या माणसाला खुर्ची दिली नव्हती म्हणे, त्यावरून हे सुरू झालेलं. आता त्यात बोरी अरबसारख्या लहान गावच्या लेकरांचा काय दोष? पण अर्धे क्लब इकडे गेले, अर्धे तिकडे, गावोगावच्या स्पर्धा बंद पडल्या, आणि बोरी अरबच्या मंडळाला खेळायला कुणी उरलंच नाही. त्यांनी चेंडू शाळेला देऊन टाकले.

राजूरला दोघीही आल्या. वैदर्भीकडून प्रफुल्ल आला. तो नानाजींच्या जुन्या गोलकीपरचा मुलगा, इंदूबाईंच्या हातची भाकर खाऊन वाढलेला. पाठोपाठ प्रीमियरकडून राजदीप आला, तो देवसिंगांचा निरोप घेऊन, कारण घाटंजीची टीम त्यांच्यात गेली होती. एलिट म्हणजे काय, असं नानाजींनी प्रफुल्लला विचारलं, तर त्यानं शर्टावरचं चिन्ह दाखवलं. प्रीमियर म्हणजे काय विचारल्यावर राजदीपनंही तेच केलं. दोघांचाही चहा झाला, दोघांचेही पोहे झाले आणि नानाजींनी दोघांनाही हो म्हटलं.

यात लोभ नव्हता. दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनी एकाच दिवशी जेवायला बोलावलं, तर शहाणा माणूस अर्धी भाकर इकडे खातो, अर्धी तिकडे, आणि कुणाचं मन मोडत नाही. नानाजींनी जन्मभर असंच निभावलं होतं. लहान गटात नऊ-नऊच खेळतात, पोरी तर दोन टीमना पुरून उरत होत्या. तेव्हा अर्ध्या नवयानच्या नावानं वैदर्भीत, अर्ध्या राजूर कन्या मंडळाच्या नावानं प्रीमियरमध्ये. मॅच कुणाचीही असो, गाडीत सगळ्या बसतील. ज्यांची नाही त्या कडेला बसून ओरडतील. म्हणजे बापांची अटही राहिली.

इंदूबाईंनी ऐकून घेतलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी," त्या म्हणाल्या. "हे ठावं हाय ना तुमाले?"

"पोट्ट्या उपाशी राहू नाई म्हणूनच करून राह्यलो," नानाजी म्हणाले.

हंगाम बरा लागला. कधी या टीमची मॅच, कधी त्या टीमची, आणि गाडीत गाणी सगळ्यांची. नानाजींना वाटलं, निभलं आपलं.

मग वैदर्भीची एक मॅच राजूरातच आली, नागपूरच्या एका अकादमीशी. घरची मॅच म्हटल्यावर सकाळपासून पोरी चुन्याला लागल्या. कोण वैदर्भीची, कोण प्रीमियरची, हे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मैदान सगळ्यांचं होतं. उर्वशीचं नाव प्रीमियरमध्ये होतं, तरी मधलं वर्तुळ तिनंच आखलं.

मॅच शेवटाकडे आली तेव्हा दोन्हीकडे एकेक गोल झालेला होता. वैदर्भीच्या टीमची कप्तान रुपाली पाय मुरगळून खाली बसली ती उठेना. बदलीची एकच पोरगी, ती आधीच आत उतरलेली. आता आठ जणींवर खेळायचं की काय, म्हणून नानाजींनी वळून पाहिलं, तर रेघेला लागून उर्वशी उभी. हात कोपरापर्यंत पांढरे.

"आबाजी," ती म्हणाली, "म्या रेघ मारली हाय."

इथे नानाजींनी थांबायला पाहिजे होतं. कुणीही थांबला असता. पण राजूरचा माणूस इथे थांबत नाही. त्यांना त्या घटकेला ना वैदर्भी दिसली ना प्रीमियर. रेघ मारलेली पोरगी बाहेर ठेवायची नाही, एवढं त्यांना दिसलं. त्यांनी मान हलवली आणि उर्वशी आत गेली. थोड्याच वेळात तिनं मधल्या वर्तुळापासून चेंडू काढला, दोघींना चकवलं आणि गोल घातला. नानाजी गुडघा विसरून नाचले. प्रफुल्ल तर इतका हरखला की त्यानं मोबाईलवर काढलेला तो गोल स्वतःच सगळीकडे पाठवला, राजूरची वाघीण म्हणून.

तो व्हिडिओ फिरत फिरत राजदीपकडे पोचला, आणि राजदीपनं आपली खेळाडू ओळखली.

वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन लीगांचं या एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. राजूरच्या दोन्ही टीम दोन्हीकडून काढून टाकल्या, आणि राजूरशी कुणी खेळायचं नाही. राजदीप फोनवर रागावला. प्रफुल्ल रागावला नाही, ते जास्त लागलं. "काका, तुम्ही मला तोंडावर पाडलं," एवढंच तो म्हणाला. आपण कुणाला फसवलं, हे नानाजींना बराच वेळ उमगेना. अर्धी भाकर खाण्यात फसवणूक कुठली?

ते घाटंजीला गेले. बाजाराचा दिवस होता. देवसिंग कापसाच्या गाडीजवळ भेटले, चहा पाजला.

"एक मॅच खेळू दे, देवसिंग," नानाजी म्हणाले. "लीगची नोको. आपली. मी हरतो, मी जेवू घालतो."

देवसिंगांनी कप खाली ठेवला. "नानाभाऊ, तुमच्याशी खेळलो तं माह्या पोट्ट्याईले बी काढतीन. त्याईनं का कराव?"

बरोबर होतं ते. परतीच्या बसमध्ये नानाजींना पहिल्यांदा वाटलं, आपण हे सगळं कायले केलं. गुडघा गेला तेव्हाच घरी बसलो असतो तर आज कुणाच्या लेकरांना खाली मान घालावी लागली नसती. डोळ्याला पदर लावायला बाईमाणसाला तरी मुभा असते. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि वणी येईपर्यंत तसेच बसले.

पुढचं भरभर झालं. क्लब नको पण चांगल्या पोरी द्या, असं दोन्ही लीगांनी परस्पर बापांना कळवलं. रुपालीच्या बापानं तिला नागपूरला पाठवलं. आणखी काही गेल्या, कुणी इकडे, कुणी तिकडे. ज्यांच्या गेल्या त्यांच्याशी राहिलेल्यांचं बोलणं तुटलं. विहारात एका सतरंजीवर बसणारी माणसं लांब लांब बसू लागली. उर्वशीला दोन्ही लीगांकडून बोलावणं होतं. तिचा बाप संध्याकाळी नानाजींच्या दारात आला, आत आला नाही.

"म्या बोललो व्हतो," कपिल म्हणाला.

"बोललता," नानाजी म्हणाले.

वाद घालायला जागाच नव्हती. कपिलनं शब्द पाळला होता, मोडला होता तो नानाजींनी. बोरी अरबला उर्वशीची आत्या बाळंत झाली होती, तिच्या हाताखाली कुणी हवंच होतं. पोरीला तिकडे नेऊन सोडलं. शाळाही तिकडचीच पाहू, असं ठरलं.

आणि वर्ष सरता सरता, आता हसावं की रडावं, दोन्ही लीग एक झाल्या. खुर्चीचं भांडण खुर्चीवरच मिटलं. हारतुरे घातलेले प्रफुल्ल आणि राजदीप एका फोटोत खांद्याला खांदा लावून उभे. लीग एकच उरल्यावर जागा निम्म्या झाल्या, आणि जागा निम्म्या झाल्यावर लहान गावच्या पोरी आधी गळाल्या. रुपाली पेटी घेऊन परत आली. ती मैदानाकडे फिरकली नाही. प्रफुल्लचा फोन आला.

"काका, बंदी उठली. टीम घेऊन या."

"कोनती टीम, बाबू?" असं नानाजींच्या ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले, "आणतो."

इंदूबाईंनी चहा पुढे ठेवला. बोलण्यासारखं जे होतं ते त्यांनी मागेच बोलून ठेवलं होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कपिलचं घर दीक्षाभूमीला जाऊन आलं. सोबत बोरी अरबची आत्याही होती आणि उर्वशीही. ती राजूरात थोडे दिवस थांबणार, एवढं नानाजींना कळलं. त्यांनी निरोप धाडला नाही. भट्टीवरून चुरा आणला, विझवला, गाळला. सकाळी एकटेच मैदानात गेले आणि सगळ्या रेघा स्वतः मारल्या. गुडघा वाकत नव्हता, म्हणून रेघा वाकड्या झाल्या. मधलं वर्तुळ त्यांनी सोडलं.

उर्वशी आली. पहिल्यांदा जिथे उभी राहिली होती तिथेच येऊन उभी राहिली. कडेवर आत्याचं बाळ होतं.

"आखून राह्यले का, आबाजी?"

"लीग एक झाली," नानाजी म्हणाले. "आपल्याले बलावलं हाय. रुपाली हाय, बाकीच्या बी येतीन. कपिलशी म्या बोलतो, पाया पडतो लागन तं." बोलता बोलता त्यांनी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. "घे. वर्तुळ तुह्यासाठी ठेवलं."

उर्वशीनं बाटलीकडे पाहिलं, चुन्याच्या डब्याकडे पाहिलं, मैदानाच्या मधोमध पाहिलं. बाळ डब्याकडे झेपावलं तसं तिनं त्याला मागे ओढलं. मग मोकळा हात तिनं पाठीमागे नेला.

"नोको, आबाजी," ती म्हणाली. "रेघ मारली तं खेळा लागते."

बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन ती घराकडे वळली. नानाजींनी बाटलीतलं तेल आपल्याच हातांना चोळलं, खुंटी ठोकली आणि दोरी धरून फिरायला लागले.