विलासदादाचा फोटो आणि माझं लग्न

ज्या माणसाच्या फोटोवर माझं लग्न जमलं, तो माणूस आज सकाळी गेला.

विलासदादा. माझा चुलतभाऊ.

वर्ध्यात त्याचं डीटीपीचं दुकान होतं. मी त्याच्या हाताखाली टायपिंग करायचो.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट असेल. समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम आलं. त्यात माझंही नाव होतं. दादानंच घातलं होतं, मला न विचारता.

त्याच आठवड्यात दुकानात नवा कॉम्प्युटर आला, आणि फोटो पडेना.

फोल्डरमधला फोटो माऊसनं उचलायचा, पानाच्या प्रोग्राममध्ये नेऊन सोडायचा, हे आमचं रोजचं काम. आता पानावर गेलं की बाणाच्या जागी काळा गोल, त्यात तिरपी रेघ. प्रोग्राम फोटो घेतच नव्हता.

मी म्हटलं, मेनूतून इन्सर्ट करू, काम तर होईल.

दादा म्हणाला, "सुनेले समोरच्या दारातून आणते राजू, खिडकीतून नाई."

संपला विषय.

माऊस बदलला. माऊसपॅड बदललं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दादाच्या सांगण्यावरून वहिनीनं मॉनिटरला उदबत्तीसुद्धा ओवाळली.

लोकांच्या पोरापोरींचे फोटो प्रयोगाला वापरायचे नाहीत, हा त्याचा नियम. म्हणून तो स्वतःचाच, लग्नाआधीचा, भरपूर केसांचा फोटो उचलून उचलून माझ्या माहितीच्या पानावर सोडत होता.

शेवटी सापडलं. कॉम्प्युटर बसवणाऱ्यानं पानाचा प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून ठेवला होता. प्रोग्राम साहेब होऊन बसलेला, साध्या फोल्डरच्या हातचं काही घेईना. दादानं ती टिक काढली, प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि फोटो टपकन पानात पडला.

त्या आनंदात चहा आला, समोसे आले.

पडलेला फोटो काढायचा राहिला.

पुस्तिका छापून वाटून झाली. थोड्याच दिवसांत कारंज्याहून मला स्थळ आलं. मुलीच्या वडिलांचा हायवेवर ढाबा. मी, दादा आणि वहिनी मुलगी बघायला गेलो.

त्यांनी मधल्या खुर्चीवर दादाला बसवलं. मला दाराजवळ. दादाच्या डोक्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग अदबीनं विचारलं की फोटो जरा जुना आहे का.

वहिनी म्हणाली, "भाऊ, हे माहे आहेत. पोरगा तो, तिकडं बसला तो."

पुस्तिका उघडली गेली. माझं नाव, माझं शिक्षण, माझी उंची. वर फोटो दादाचा.

मुलीचे वडील पुस्तिका मिटून उठले. आवाज चढवला नाही. पोरीच्या बाबतीत मस्करी आपल्याला चालत नाही, एवढंच म्हणाले. मी चपला कुठं काढल्यात ते बघून ठेवलं.

दादा उठला, हात जोडले, आणि त्या माणसाला ड्रॅग अँड ड्रॉप समजावू लागला.

पोह्यांची प्लेट म्हणजे पान. शेवेची वाटी म्हणजे फोल्डर. प्लेट साहेब आहे, वाटीचं काही घेत नाही.

प्रत्येक वाक्यागणिक आमचं स्थळ आणखी बुडत होतं.

तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी बोलली. तिनं आर्वीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता.

"बाबा, ते खरं सांगून राह्यले. असं होते."

वडील खाली बसले. वहिनीनं पोहे खायला घेतले.

ती मुलगी म्हणजे आमची सविता.

लग्नानंतर दादा तिला दर सणाला विचारायचा, होकार फोटो पाहून दिला की माणूस पाहून? ती हसायची आणि चहा टाकायला उठायची.

गेल्या रविवारी आम्ही दोघं बोरगाव मेघेला त्याच्या घरी गेलो. आजारपणानं त्याला बोलायचं त्राण नव्हतं. तरी त्यानं विचारलंच.

सवितानं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"फोटो पाहून, भाऊजी. केस लय होते."

तो इतका हसला की ठसका लागला. वहिनी आम्हा तिघांवरही रागावली.

 परत येताना गाडीवर खरं काय ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आज ती सकाळपासून वहिनीजवळ बसून आहे.

दादा, नीट जा.

आम्हा दोघांचा भरल्या मनानं नमस्कार.