अण्णांची अर्धी गोळी

मल्लप्पाअण्णा औषधाच्या गोळ्या अडकित्त्यानं कापायचे. दुधनीत उभा जन्म सुपारीच्या व्यापारात गेलेला. गोळी मधोमध दुभंगायची, पण चिमूटभर भुगा पडायचा नाही. धंदा मुलाकडं सोपवून ते सोलापुरात आमच्या गल्लीत राहायला आले आणि माझ्या मेडिकलमागं साडेसाती लागली.

डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमची गोळी लिहिली, की अण्णा दहाची मागायचे. ताकद दुप्पट असली तरी किंमत दुप्पट नसते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटलं, तर हे गृहस्थ तडक दवाखान्यात जाऊन चिठ्ठी बदलून आणायचे. "अख्खी गोळी खाणारा म्हंजे कंपनीचा जावई," असं वर मलाच ऐकवायचे.

खोटं कशाला बोलू, माणूस चिकट होता, पण फक्त स्वतःपुरता नाही. शेजारच्या नरसम्मा विड्या वळायच्या. साखरेची गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घ्यायच्या. अण्णांनी त्यांची चिठ्ठी घेऊन चार दुकानं पालथी घातली आणि तेच औषध पाव किमतीत मिळवून दिलं. नरसम्मा रोज गोळी घ्यायला लागल्या. "डबीवरच्या चित्राला पैसं देऊ नका, आतल्या औषधाला द्या," असं अण्णा माझ्याच काउंटरवर कोपर टेकून माझ्याच गिऱ्हाइकांना शिकवायचे. मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. राग जास्त.

मग शांताकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, बीपीची गोळी बदलली. अण्णांनी तीही दुप्पट ताकदीची लिहून आणली.

"अण्णा, ही तोडायची नसते," मी म्हटलं. "ही दिवसभर हळूहळू सुटते. तोडली तर सगळं औषध एकदम अंगात जातं."

"एकदम गेलं तर गुणबी एकदम येतंय की," अण्णा म्हणाले. दुकानातली माणसं हसली.

माझं डोकं फिरलं. वीस वर्षं काउंटरमागं काढलेली बाई मी, आणि हा सुपारीवाला मला शिकवणार! ऐकायचं नाही ना, मग भोगा, असं मनात म्हणून मी गोळ्या पिशवीत टाकल्या. भोगणार कोण होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

काकूंना रोज सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतल्यावर गरगरायला लागलं. एकदा भाजी घेऊन जाताना त्या माझ्याच पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं.

"डोळ्यापुडं अंधार येतंय गं. ह्यास्नी सांगितलं तर म्हणत्यात, वय झालं."

"काकू, ती गोळी तोडून घेऊ नका."

"मला काय कळतंय त्यातलं? हे देत्यात, मी गिळते."

उठून अण्णांकडं जायला पाहिजे होतं. घर समोरच होतं. पण पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. आठ दिवसांनी काकू मोरीत पडल्या, दगडावर डोकं आपटलं आणि तिसऱ्या दिवशी गेल्या.

सगळे विधी उरकल्यावर अण्णा दुकानात आले. काकूंच्या गोळ्यांची दोन पाकिटं काउंटरवर ठेवली.

"ह्यातली एकबी काढलेली न्हाय. परत घे की."

जे बोलायचं नव्हतं ते मी बोलले. "अण्णा, काकू पडल्या नाहीत. तुम्ही पाडलंत त्यांना, याच गोळीनं. सांगितलं होतं मी." दुकानात पाच-सहा माणसं होती. मी आवाज खाली आणला नाही. सगळ्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं.

अण्णांचा चेहरा उतरला.

"व्हय, सांगितलीस," ते म्हणाले. "एकदा. सर्दीची गोळी देताना तू दोनदा बजावतीस, उपाशीपोटी घिऊ नका म्हणून. हितं माणूस जात हुतं, तर एकदा बोलून गप बसलीस व्हय?"

मी गल्ला उघडून पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले आणि गेले. त्या माणसाचा राग मला अजून येतो, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.