स्प्रिंग बघणाऱ्या ताई

कंबरदुखीसाठी मी परभणीतल्या एका पिलाटीस व्यायामाच्या स्टुडिओत जायचे. तिथे मशीन लावून देणाऱ्या ताईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मशीनच्या सरकत्या पाटावर कुणालाही झोपवण्याआधी त्या पाट ओढून धरणाऱ्या प्रत्येक स्प्रिंगवरून बोट फिरवायच्या, हूक ओढून बघायच्या. कुणी घाई केली की म्हणायच्या, "थांबा जरा, बघायलेय ना मी."

एकदा एका स्प्रिंगचे वेढे त्यांना सैल लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "नवी येईपर्यंत चालू द्या. लोक खोळंबलेत."

"ताणात तुटली तर तोंडावर येईल, मॅडम."

"लावा म्हणते ना!"

ताईंनी स्प्रिंग काढली आणि सगळ्यांदेखत पक्कडीने तिचा हूक पार वाकवून टाकला. "आता न्हाई लागत," त्या हळूच म्हणाल्या.

मालकीणबाईंनी त्यांना त्याच घडीला कामावरून काढलं. आम्ही पाच-सहा बायका चटयांवर बसून होतो. ताईंचं बरोबर आहे, एवढंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्या चपला घालेपर्यंत मी खाली बघत राहिले.

आठवड्याभरात नवी स्प्रिंग आली. ताईंना परत बोलवा, असं मालकीणबाईंना सांगायचं ठरवून मी गेले होते. पण माझा नंबर लागला, आणि मी मुकाट्याने मशीनवर आडवी झाले.