चौथी खेप

डबीवरच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवायचा आणि मगच ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची, ही आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंची सवय. "कोणत्या डबीत काय टाकलं, मले नका सांगू, सर." संशोधनात हुशार माणसं निकाल आधीच ठरवून ठेवतात, हे त्यांना अल्लीपूरच्या शाळेत कोणी शिकवलं नसावं.

प्रश्न साधा होता. आपल्या शरीरात रक्त गोठू न देणारं एक प्रोटीन असतं. यकृतातल्या रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं पेशींचं. त्यांना विष दिलं की त्या एकमेकींचा हात सोडतात. सोबत हे प्रोटीन दिलं तर धरून राहतात का? माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना उत्तर ठाऊक होतं. मलाही होतं, कारण मला पीएचडी हवी होती.

प्रयोगाच्या तीन खेपा झकास निघाल्या. मी पेढे वाटले. ताईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "अजून एक लावून पाहू."

चौथीत प्रोटीन दिलेल्या पेशीही सुटल्या. ताईंनी ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकलं.

"ताई, ही खेपच खराब होती. सोडून द्या."

"मंग निकाल पाह्याच्या आंदी काऊन नाई म्हटलं, सर?"

याला तुमच्याकडे उत्तर असेल तर मला जरूर कळवा.

मार्गदर्शकांनी दोघांनाही बोलावलं. ताई म्हणाल्या, "पयल्या तिन्हीसारखीच लावली होती, सर." मग माझ्याकडे पाहिलं. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची. ती वाढवायची की नाही, हे त्याच खोलीत ठरायचं, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "खराब होती, सर."

पुढच्या महिन्यापासून ताई आल्या नाहीत. मी डॉक्टर झालो. प्रबंधात तीनच खेपा आहेत, तिन्ही देखण्या. लाज वाटते, पण ती पदवीसारखी नावाआधी लावत नाहीत.

ताई आता देवळीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजीत असतात. माझ्या बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. मात्रा चुकली तर जिवावर बेततं. नालवाडीत आमच्या घराजवळ चार लॅब आहेत. मी बाबांना देवळीला नेतो.

परवा बाबा वैतागले. "मले इतक्या लांब काऊन आणतं रे?"

"इथचा रिपोर्ट खरा असते, बाबा."

ताई समोरच होत्या. त्यांनी सुई काढली, कापूस ठेवला आणि बाबांचं बोट त्यावर टेकवलं. "दाबून धरा, बाबा. तुमचं रक्त लवकर थांबत नाई." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.