नारळ फोडायचं बटण

आयुष्यात मी सगळ्यांत जास्त लाड कुणाचे केले असतील तर बटणांचे. शर्टाच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या. दोन हजारनंतरची ती वर्षं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. तिथं आम्ही कॉम्प्युटरवर बसून शिकायचे धडे बनवायचो. पडद्यावर चित्र, मागून माहिती सांगणारा आवाज आणि पुढं जायला बटणं. बटणांचं खातं माझं. आंब्याच्या आकाराची, कडेला चकाकी असलेली, माउस जवळ नेला की टुणकन फुगणारी बटणं मी करायची. ती फुगली की मीही फुगायची. कुणी त्यांना नावं ठेवली तर मी त्या माणसाशी दोन दिवस बोलत नसे.

आमचे मालक तरुणपणी पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळलेले. त्यामुळे समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशीही ते मैदानाच्या पलीकडं उभा असल्यासारखे बोलायचे. त्यांची दुसरी खोड म्हणजे नारळ. नवा कीबोर्ड आला, फोड नारळ. पंखा दुरुस्त होऊन आला, फोड नारळ. जिन्याच्या खालच्या पायरीचा कोपरा त्या नारळांनीच उडाला होता.

एका सहकारी बँकेनं आमच्याकडं कर्मचाऱ्यांसाठी धडा मागितला. धडा शिकायचा आणि शेवटी त्यातच परीक्षा द्यायची. बँकेनं एक अट घातली, की बँकेच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंना तो आधी वापरून बघू दे. त्या बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. ‘बघू दे’ म्हणे! माझं डोकंच फिरलं. ज्यांना माझी चकाकी दिसणार नाही त्या काय तपासणार, असं मी अगदी मोठ्यानं म्हणाले. आज आठवलं की कान तापतात.

त्या बाई, ज्यांना आम्ही पुढं ताईच म्हणू लागलो, उचगावहून बस बदलून आल्या. घडीची पांढरी काठी, खांद्याला पिशवी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी काम सांगितलं.

“बँकेत आपोआप फोन जोडणारं मशीन बसणार हाय. माझा फोन जोडायचा बोर्ड बंद. ही परीक्षा पास झालो तर चौकशीच्या टेबलावर, न्हाय तर आवक-जावकला पाकिटं चिकटवत बसायचं. मला माणसांशी बोलायचंय गं. पाकिटांशी काय बोलू?” (आमच्याकडं बायकाही ‘झालो-आलो’च म्हणतात.)

पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी आमच्या मशीनवर घालून घेतला. माउस नाही. टॅबची कळ दाबायची, की पुढच्या बटणावर जायचं आणि आवाज त्या बटणाचं नाव सांगणार. ताईंनी तो आवाज इतका जलद लावला होता, की मशीन बिघडलं असं समजून मालकांनी सीपीयूला दोन चापट्या मारल्या.

ताईंनी टॅब दाबली. “बटण.” परत दाबली. “बटण.” असं अकरा वेळा झालं.

“अकरा बटणं हायती आणि एकालाबी नाव न्हाय,” ताई म्हणाल्या. “बारसं करायचं राहिलंय व्हय?”

मी रागारागानं बारसं केलं. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, “हिरवं चकचकीत आंब्याचं बटण, बटण.” दुसरं ‘बटण’ प्रोग्रॅमचं स्वतःचं होतं.

“हिरवं हाय ते कळलं,” ताई म्हणाल्या. “दाबल्यावर काय हुतंय?”

मग मालक पुढं सरसावले. तुम्हां पोरांना माणसाशी बोलता येत नाही, असं म्हणून सगळ्या बटणांची नावं त्यांनी स्वतः लिहिली. पेठेत परगावच्या माणसाला पत्ता सांगावा तशी. तिसऱ्या दिवशी ताईंनी टॅब दाबली तर आवाज सुरू झाला, “पावणं, आता असंच सरळ फुडल्या पानावर जावा, गडबड न्हाय, मागं काय राहिलं असंल तर डाव्या अंगाला वळा, तितं आणि एक बटण हाय, त्येला इचारा.” आवाज हिंदी वळणाचा होता, त्यामुळे परराज्यातला पाहुणा कोल्हापुरात मुरल्यासारखा वाटत होता. ताई हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आल्या.

“मालक, ह्या वेगानं पुढचं पान येईस्तवर मी रिटायर हुतो.”

हसणं थांबल्यावर त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. “हे बघ पोरी, बोर्डावर दिवसभर मी काय बोलतो? ‘बोला.’ ‘जोडतो.’ ‘लाइन बिझी हाय.’ तेवढ्यात सगळी बँक चालती. दाबल्यावर काय हुतंय तेवढंच सांग.”

मग ‘पुढं जा’, ‘मागं जा’, ‘पुन्हा ऐका’, ‘उत्तर द्या’ अशी नावं आली. धड्यातलं बोलणं संपेपर्यंत ‘पुढं जा’ चालू होत नसे. तोवर मी ते नुसतं फिकट करून ठेवायची. ताईंना फिकट काय आणि गडद काय! त्या आपल्या दाबत बसायच्या.

“बिझी असंल तर बिझी म्हणून सांग की,” त्या म्हणाल्या. “मुका फोन लई वाईट. माणूस मेलाय का जेवायला गेलाय, काय कळत न्हाय.”

तेव्हापासून आवाज म्हणू लागला, “पुढं जा, अजून बंद.” आमची खोड मोडावी म्हणून ताईंनी पडदा बंद करून काम तपासायचा नियम घातला आणि माउस काढून मालकांच्या स्वाधीन केला. मालक तो पँटच्या खिशात ठेवून हिंडायचे आणि वायर मागं लोंबायची. चहावाला त्यांना बघून रोज भिंतीकडं तोंड करून हसायचा. आठ दिवसांत ताई अख्खा धडा एकट्या करू लागल्या. मला आनंद झाला, पण खरं सांगते, चकाकीबद्दल कुणीच काही बोललं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

तिथंच माझा घात झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मालक ओरडले, “नारळ राहिला की गं!” पायरीवर तर सकाळीच फोडला होता. त्यांना धड्याच्या आत हवा होता, अगदी परीक्षेच्या पहिल्या पानावर. मला काय, हौसच. मालकांनी खिशातून माउस काढला आणि मी दोन तासांत असा नारळ केला, की बघणाऱ्यानं हात पुढं करावा. माउसनं धरायचा, ओढून दगडावर आपटायचा, ठाक आवाज, पाणी उडणार आणि परीक्षा सुरू. पडदा बंद करून मी तपासलं नाही. नारळ बघायचा होता ना मला!

सकाळी अकराला बँकेच्या वरच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण बसले. मी आणि मालक मागं उभे. ठाक, ठाक, ठाक, सगळ्यांचे नारळ फुटू लागले. लोक हसले, मालकांनी मिशीवरून हात फिरवला. ताईंनी टॅब दाबली. परत दाबली. मग कानावरचा हेडफोन काढून त्या शांतपणे म्हणाल्या,

“पोरी, फोन मुका हाय.”

परीक्षा घेणारे साहेब धावत आले. निकालाची यादी त्याच दिवशी दुपारी मुख्य ऑफिसला जायची होती.

“काय हाय पुढं?” ताईंनी विचारलं.

“नारळ,” मी म्हणाले.

“परीक्षेत?”

हॉलभर हशा पिकला. साहेब म्हणाले, “त्यात काय एवढं, मी फोडतो की तुमचा,” आणि त्यांनी माउसला हात घातला. ताईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“ह्या सगळ्यांचे तुम्ही फोडलासा?”

“न्हाय.”

“मग माझा का म्हणून?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “ताई, साडेबारानंतर यादीत नाव घालता येणार न्हाय मला. बघा बाबा.”

“थांबतो की मी,” ताई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून बसल्या.

मालकांच्या स्कूटरवरून आम्ही पेठेत कसे पोचलो ते मला आठवत नाही. दोन वेळा डोळे मिटले होते एवढं आठवतं. मी नारळाचं बटण केलं. त्याला नाव दिलं आणि एंटर दाबल्यावर फुटायची सोय केली. मग मालकांनी माउस उपटून खिशात घातला, मी पडदा बंद करून तपासलं आणि धडा नव्या सीडीवर घालून आम्ही निघालो. परत येईपर्यंत पावणेबारा झाले होते. बाकीचे परीक्षा संपवून दारात चहा पीत होते, पण घरी कुणी गेलं नव्हतं.

ताईंनी या वेळी हेडफोन लावलाच नाही. टॅब दाबली. सगळ्या हॉलला ऐकू आलं, “नारळ फोडा, बटण.”

ताईंनी एंटर दाबली. ठाक!

सव्वाबाराला आवाज म्हणाला, “उत्तीर्ण.” मी सगळ्यांदेखत रडले, अगदी नाक लाल होईपर्यंत. मालक पुढं आले. खिशातून माउसची शेपटी लोंबतच होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. “चुकलं ताई. पुढच्या सगळ्या धड्यांतनं नारळ काढूनच टाकतो.”

“काढताय कशाला?” ताई काठी उघडत म्हणाल्या. “सगळ्यांनी फोडला, मीबी फोडला. लई झ्याक वाटलं की.”