खांद्याचा अर्ज

भूगोलाच्या मॅडमचं टेबल प्रयोगशाळेतून आलेलं, उंच. खुर्ची वाचनालयातली, बुटकी. दोघांचं कधी जमलं नाही, आणि ते भांडण सव्वीस वर्षं मॅडमच्या उजव्या खांद्यात मुरत गेलं. यंदा हात वेणी घालायलाही वर जाईना. शेवटी नवरा वेणी घालायला शिकला.

"विभागप्रमुख बसलेत तुझ्या खांद्यावर," केस ओढत तो म्हणाला. "त्यांना उतरव आधी."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "सहा महिने फळा नाही, पेपर तपासणं नाही. नाहीतर हा हात गेला समजा."

मॅडमनी अर्ज दिला : तास कमी करावेत, टेबलाच्या बेताची खुर्ची मिळावी. हेडक्लार्कनी फाईल काढली आणि गेल्या वर्षीचा, शिक्षकांच्या प्रकृतीचा फॉर्म पुढे सरकवला.

"आसनव्यवस्था, उत्तम. दुखणं, नाही. सही तुमचीच ना, मॅडम?"

सही त्यांचीच होती. तेव्हा मूल्यांकन समिती यायची होती आणि विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, घरची लक्तरं वेशीवर टांगू नका. मॅडम सगळ्यांत ज्येष्ठ. विभागातल्या बाकी सहा जणांचे फॉर्मही त्यांनीच फिरून भरून घेतले होते. कंत्राटावर आलेली नवी मुलगी कंबरेला पट्टा बांधून बसली होती. 'दुखणं' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

"लिही गं 'नाही'," मॅडम म्हणाल्या होत्या. "कुरकुरी म्हणून नाव पडलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत." हे त्या मायेनंच म्हणाल्या होत्या.

हेडक्लार्क माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली घेतला. "माहिती खोटी होती असं लिहून द्या. अर्ज पुढे सरकेल. पण मग तुम्हा सातही जणांना चौकशीला बोलावणं येईल, आणि तुमची ती कंत्राटवाली..."

मॅडमनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहिलं : माझी माहिती खोटी होती. इतरांच्या दुखण्याविषयी मला काही ठाऊक नाही.

दुसरं वाक्य लिहिताना त्या जराही अडखळल्या नाहीत.

आठ दिवसांनी पत्र आलं. सहा महिने बिनपगारी रजा. खोटी माहिती दिल्याबद्दल ताकीद, तीही सेवापुस्तकात नोंदवून. खुर्चीबद्दल अक्षर नाही. शेवटच्या ओळीत होतं की मॅडमचे सगळे तास आणि सगळ्या उत्तरपत्रिका कंत्राटी शिक्षिकेकडे सोपवाव्यात.

ती मुलगी दुपारी आली. मॅडमनी कुठवर शिकवून झालंय ते सांगितलं, कपाटाची किल्ली दिली. ती बुटक्या खुर्चीत बसली, उंच टेबलावर कोपरं टेकून तिनं यादी तपासली. मग उठून तिनं उत्तरपत्रिकांचा पहिला गठ्ठा उचलला आणि तिथंच थांबली. ओठ घट्ट मिटलेले.

"दुखतंय का गं?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो, मॅडम," ती म्हणाली. "काही नाही."